नमनाला घडाभर तेल

नमस्कार श्रोतेहो.

"साठ पानं झाली. एक पोरगं मेलंय, आणि तपास करायला कुणी तयारच नाही. ही कसली रहस्यकथा? नमनालाच घडाभर तेल!"

आमच्या वाचनगटातले एक काका गेल्या महिन्यात पुस्तक टीपॉयवर ठेवत असं म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशेबाला पक्के. रेल्वे स्टॉलवरच्या रहस्यकथांवर वाढलेली ही पिढी. पहिल्या पानावर मुडदा, दुसऱ्यावर इन्स्पेक्टर, आणि कल्याण यायच्या आत खुनी गजाआड, असा त्यांचा रिवाज.

पुस्तक होतं टॉम रॉब स्मिथ या ब्रिटिश लेखकाचं 'चाइल्ड ४४'. २००८ साली आलेली ही त्याची पहिलीच कादंबरी, स्टालिनच्या रशियात घडणारी. त्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या तेरा पुस्तकांच्या यादीत ती आली, तेव्हाही साहित्यवाल्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. या पंगतीत थ्रिलरला पान कुणी वाढलं, म्हणून. आमच्या गटात मात्र भांडण वेगळंच पेटलं. सहा जणांतल्या तिघांनी पुस्तक अर्ध्यावर सोडलं होतं, दोघांनी रात्र जागवून संपवलं होतं, आणि सहावी मी. मी पहिल्यांदा सोडलं आणि दुसऱ्यांदा संपवलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

आता सुरुवात. १९३३ चा जानेवारी, युक्रेनमधलं एक खेडं. सरकारने धान्य ओढून नेलंय. सामुदायिक शेतातली कणसं उचलली तरी गोळी किंवा दहा वर्षांची कैद, असा कायदा आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९३२ मध्ये झालेला. गावात खाण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि दोन लहान भाऊ एका मांजराच्या मागावर बर्फात निघालेत. मांजर पकडायचं ते कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या गटातल्या एक काकू इथेच थांबल्या. घरी दोन मांजरं आहेत त्यांच्या. मी त्यांना दोष देत नाही.

मग एकदम वीस वर्षांची उडी. मॉस्को, १९५३. इथून पुढची पानं म्हणजे आमच्या काकांचं घडाभर तेल. लिओ देमिदोव हा राज्य सुरक्षा खात्यातला अधिकारी आहे. युद्धात शौर्य गाजवलेला, देखणा, सरकारवर मनापासून श्रद्धा असलेला. त्याच्या एका सहकाऱ्याचा छोटा मुलगा रेल्वे रुळांजवळ मेलेला सापडलाय. घरचे म्हणतायत, खून झाला. आणि आपला हा नायक, हो, नायकच, त्या घरी पाठवला जातो तो तपासाला नाही. हा अपघात होता, पोर गाडीखाली सापडलं, हे आई-बापाला पटवून देण्यासाठी. खून हा शब्द पुन्हा उच्चारू नका, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, असं समजावण्यासाठी.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या प्रसंगावरून घाईने पुढे गेले. वाटलं, ठीक आहे, आता खरा डिटेक्टिव्ह येईल. तो काही येईना. लिओ त्या मुलाला विसरूनही जातो आणि हेर असल्याच्या संशयावरून एका पशुवैद्याच्या मागे लागतो. मी कंटाळले, पुस्तक कपाटात गेलं.

दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की मी भलत्याच दाराशी वाट बघत होते. बघा ना. गुन्हा का होतो? गरिबी, विषमता, भांडवलशाही यांमुळे होतो, असं त्या व्यवस्थेचं ठाम म्हणणं. समाजवाद आला म्हणजे गुन्ह्याचं कारणच संपलं. मग मॉस्कोत लहान मुलाचा खून कुणी करेल कसा? वेडा असेल, परदेशी हस्तक असेल, नाहीतर खून झालेलाच नसेल. आणि झालेलाच नसेल, तर कथा सुरू कुठून होणार? लेखक रेंगाळत नव्हताच. ते राज्यच कथेला सुरू होऊ देत नव्हतं! पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा उलटून जातो, लिओची पत घसरते, बायकोसकट उरल पर्वताकडच्या एका आडगावी हलक्या पदावर त्याची रवानगी होते. तिथे त्याला तसंच दुसरं प्रेत दिसतं, आणि तेव्हा कुठे मनात पाल चुकचुकते.

आणि वर्ष कुठलं निवडलंय तेही पाहा. १३ जानेवारी १९५३ रोजी 'प्रावदा'ने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्राने, जाहीर केलं की काही नामवंत डॉक्टर सोव्हिएत पुढाऱ्यांना औषधातून मारायचा कट करत होते. नऊ नावं छापली, त्यातले बहुतेक ज्यू. धरपकड, मारझोड, कबुलीजबाब. ५ मार्चला स्टालिन गेला आणि ४ एप्रिलला त्याच 'प्रावदा'त आलं की कट वगैरे काही नव्हता, डॉक्टर निर्दोष आहेत. म्हणजे न घडलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंग भरायचे, आणि घडलेल्या गुन्ह्याचं नावही काढायचं नाही.

या सुरुवातीच्या भागात एक जेवणाचा प्रसंग आहे. लिओला हुकूम आलाय की स्वतःच्या बायकोची चौकशी कर, ती देशद्रोही असावी. तो आई-वडिलांकडे जातो. म्हातारे वडील आरडाओरडा करत नाहीत, हिशेब मांडतात. तिचं नाव दिलंस तर एक जण जाईल, नाही दिलंस तर आपण सगळेच. आणि हे बोलणारा माणूस दुष्ट नाही हो, सुनेवर माया असलेला आहे. इतक्या पानांत एकही पाठलाग नसता तरी या प्रसंगासाठी मी ती वाचली असती. बँकवाले काका इथपर्यंत पोचलेच नव्हते. खरं तर हिशेब त्यांच्याच आवडीचा.

गटातल्या दुसऱ्या एका ताईंची तक्रार निराळी होती. लहानपणी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं यायची, आठवतात? गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, किंमत अगदीच थोडी. बर्फ, घसरगाडी, बाबुष्का म्हणजे आजी, चहाचा समोवार. "माझा रशिया हा नाही," असं त्या म्हणाल्या. त्यांनी पुस्तक अर्ध्यावर सोडलं होतं ते रागारागाने. एका इंग्रजाने लंडनमध्ये बसून रशियाला काळं फासलं, असं त्यांना वाटलं. रशियातही काहींना तेच वाटलं असावं. २०१५ मध्ये या कादंबरीवरचा सिनेमा तिथे लागायच्या ऐन तोंडावर मागे घेतला गेला. इतिहासाचा विपर्यास केलाय असं तिथल्या सांस्कृतिक खात्याचं म्हणणं होतं. महायुद्धातल्या विजयाचा सत्तरावा वाढदिवस जवळ आलेला, हेही होतंच.

ताईंच्या रागात थोडं तथ्य आहे. ज्या गुन्ह्यांवरून लेखकाला हे सुचलं ते स्टालिनच्या काळातले नव्हतेच. आंद्रेई चिकातिलो नावाच्या माणसाने रोस्तोव्ह भागात १९७८ ते १९९० या काळात ते केले, आणि स्मिथने ते उचलून १९५३ मध्ये नेऊन ठेवले. इतिहास म्हणून ही हातचलाखीच. पण खऱ्या प्रकरणाची गती पाहा. पहिला खून डिसेंबर १९७८ मध्ये. त्यासाठी क्राव्हचेंको नावाच्या भलत्याच माणसाला पकडून १९८३ मध्ये देहदंड दिला. खरा खुनी १९८४ मध्ये हातात आला होता, रक्तगट जुळेना म्हणून सुटला. शेवटी पकडला गेला नोव्हेंबर १९९० मध्ये. बावन्न खुनांसाठी तो दोषी ठरला. वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं अवाक्षर नाही, म्हणून लोकांनी पोरांना सावधही केलं नाही. साठ पानांचा उशीर कुणाला सांगताय काका?

मला स्वतःला हे पुस्तक आवडत नाही ते शेवटाकडे. बहुतेकांचं नेमकं उलट असतं, माहीत आहे. उत्तरार्धात मालगाडीतून पलायन, बर्फातली धावपळ, जिवावरची संकटं एकामागून एक येतात आणि लिओ सिनेमातल्या हिरोसारखा सगळ्यांतून तरतो. शेवटी तर असा एक योगायोग आहे की मी पुस्तक मिटून छताकडे बघत बसले. तो सांगत नाही, तुमची मजा जाईल. जी माणसं सुरुवातीला भीतीने हळू आवाजात बोलत होती, ती शेवटी फक्त धावतात. ज्यांनी रात्र जागवली त्या दोघांना हाच भाग आवडला होता. संवाद तिरप्या अक्षरांत का छापलेत, एवढीच त्यांची कुरकुर. ती मात्र सगळ्यांचीच होती.

काकांनी पुस्तक मला परत दिलं. मी म्हटलं, अजून पन्नास पानं वाचून बघा, ते वडील हिशेब करतात तिथपर्यंत. म्हणाले, बघू. काल फोन आला होता त्यांचा, दुसऱ्याच कामासाठी. ठेवता ठेवता म्हणाले, "अगं, त्या पोराच्या बापाचं पुढे काय झालं? त्याने ऐकलं का त्या लिओचं?"

मी सांगितलं नाही. पुस्तक न्यायला ते उद्या येणार आहेत.