साडी, जीन्स आणि संध्याकाळच्या बातम्या

[दृश्य : वरळी. दूरदर्शन केंद्राचा मनोरा, खाली संध्याकाळची वाहतूक.]

मुंबईत टीव्ही आला तो २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीनंतरचं हे देशातलं दुसरं केंद्र. तेव्हा ते आकाशवाणीचंच एक अंग होतं. दूरदर्शन म्हणून वेगळा संसार थाटायला १९७६ उजाडलं. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच आणि कार्यक्रमही संध्याकाळचे मोजकेच. चाळीत ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग.

त्या पडद्यावर मराठी बातम्या वाचायला जी माणसं बसली, त्यांचे चेहरे घराघरांत पोहोचले. त्यातल्याच एका सावळ्या मुलीची ही गोष्ट. तिची ओळख आज अभिनेत्री म्हणून आहे. बातम्यांचं प्रकरण लोक दोन वाक्यांत उरकतात. आम्हाला मात्र तिथंच थांबायचं आहे.

[दृश्य : पुण्यातला जुना वाडा, शाळेचं पटांगण. छायाचित्रं.]

स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. वडील शिवाजीराव पाटील मूळचे खानदेशातले, शिरपूरकडचे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, पुढे राज्यात मंत्री झालेले. आई विद्याताई समाजकार्यातल्या. पोरींवर संस्कार राष्ट्र सेवा दलाचे. म्हणजे कलापथक, शिबिरं, गाणी आणि चार लोकांसमोर उभं राहून न घाबरता बोलायची सवय. वडिलांना मंत्रिपद मिळालं आणि कुटुंब मुंबईला आलं.

टीव्हीवर जायचं असं काही तिनं ठरवलेलं नव्हतं. ज्योत्स्ना किरपेकर तेव्हा केंद्रावर बातम्या वाचत. त्यांचे पती दीपक किरपेकर यांना छायाचित्रणाचा नाद. त्यांनी स्मिताचे फोटो काढले होते. ते केंद्रावर कुणाकुणाला दाखवत असताना केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेला पडले आणि त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण? पुढे आवाजाची चाचणी झाली. काहीतरी पाठ असलेलं म्हणून दाखव, असं सांगितल्यावर तिनं 'आमार शोनार बांग्ला' म्हटलं, असं सांगतात. बांगलादेश नुकताच जन्माला आला होता, तेव्हा सेवा दलातल्या मुलीला ते गाणं पाठ असणं साहजिकच.

[दृश्य : जुना स्टुडिओ. दिव्यांची रांग, टेबल, कागदांची चळत.]

आता जरा त्या खुर्चीकडे पाहू.

आजच्या निवेदकासमोर कॅमेऱ्यावरच मजकूर सरकत असतो. तेव्हा तसं नव्हतं. हातात बातम्यांचे कागद. नजर खाली नेऊन वाक्य उचलायचं आणि वर बघून ते घरातल्या माणसाला सांगायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. ओळ हरवली की संपलं, कारण सगळं थेट. जीभ अडखळली तर अडखळलेलीच घरोघरी पोहोचणार. मंत्र्यांची नावं, परदेशी शहरं, कोटींचे आकडे, सगळं त्याच एका दमात. ऐन वेळी नवा कागद पुढ्यात सरकवला तर तोही पहिल्यांदा वाचतोय असं न दाखवता वाचायचा.

बातम्या तरी कसल्या? १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या अंगावर होता. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळत होता. मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर पुढे. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. सरकारी माध्यमात हे सगळं सरकारी भाषेतच यायचं, ते काही लपलेलं नाही. निवेदकाला स्वतःचं मत मांडायची मुभा नव्हतीच. चेहऱ्यावरची रेघ हलू न देता वाचायचं, एवढंच काम.

आमच्या मते स्मिताची पहिली शाळा ती ही. काही न करता कॅमेऱ्यासमोर बसून राहणं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. नाटकातून आलेल्या नटाला हात कुठे ठेवावेत हा प्रश्न पडतो. हिनं हात टेबलावर ठेवायचे आणि डोळ्यांनी बोलायचं, हे विशीच्या आतच गिरवलं होतं.

[दृश्य : कमरेपर्यंतचा निवेदिकेचा आकार. कॅमेरा हळूहळू खाली येतो.]

आणि हा तिचा सगळ्यांत लाडका किस्सा. कॉलेजातल्या या मुलीचा रोजचा वेश जीन्स आणि कुर्ता. बातम्यांना मात्र साडीच हवी. कपडे बदलण्यात वेळ कोण घालवणार? मग जीन्सवरूनच साडी गुंडाळायची, पदर नीट घ्यायचा, कुंकू लावायचं आणि टेबलामागे बसायचं. कॅमेरा कमरेखाली उतरतच नव्हता. घरोघरच्या आज्या 'किती सालस मुलगी' म्हणत असतील, तेव्हा टेबलाखाली पाय जीन्समधले! यात फसवणूक म्हणाल तर नाही. पदर खरा होता आणि जीन्सही खरीच.

रंगाचंही सांगायला हवं. सिनेमात नायिका गोरीच लागते, हा हट्ट तेव्हा पक्का होता. कृष्णधवल पडद्यानं तो प्रश्न आपसूक बाजूला सारला. दिसायचे ते मोठे डोळे, गालाची हाडं आणि ठसठशीत कुंकू.

[दृश्य : सिनेमाच्या चित्रीकरणाची जुनी छायाचित्रं.]

श्याम बेनेगल यांनी तिला पाहिलं ते याच पडद्यावर. १९७५ मध्ये त्यांच्या 'चरणदास चोर'मध्ये ती राजकन्या झाली आणि त्याच वर्षी 'निशांत' आला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. 'भूमिका' आणि 'चक्र' यांसाठी अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. यातली 'भूमिका' हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरची, म्हणजे मराठी बाईची कथा मराठी बाईनंच पडद्यावर आणली.

मराठीत 'जैत रे जैत'मधली चिंधी आहे आणि १९८२ च्या 'उंबरठा'मधली सुलभा महाजन. ही सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक. संस्थेच्या समितीपुढे ती बोलते, ते प्रसंग मुद्दाम पुन्हा पाहा. आवाज चढत नाही, हातवारे नाहीत. समोरच्याकडे सरळ बघत एकेक शब्द सुटा. चांगला निवेदक बातमी सांगतो, अगदी तसा.

१३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरवड्यातच ती गेली. वय ३१.

[दृश्य : टेपांनी भरलेलं कपाट.]

तिच्या सिनेमांच्या प्रती आहेत, मुलाखती आहेत. बातम्यांचं तसं नाही. थेट वाचलेलं बातमीपत्र जपून ठेवायची तेव्हा रीतच नव्हती; बातमी वाचली, संपली. सकाळी वर्तमानपत्र निदान रद्दीत तरी जातं. त्यामुळे या माहितीपटात तुम्हाला दिसले ते फोटो आणि ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी. आठवणींत साडीचे रंगसुद्धा येतात, पडदा कृष्णधवल असूनही!

याच केंद्रावर प्रदीप भिडे आले आणि अनेक वर्षं बातम्याच वाचत राहिले. आणि भक्ती बर्वे. त्याही बातम्या वाचत, रंगभूमीवर 'ती फुलराणी' गाजवत आणि १९८३ च्या 'जाने भी दो यारो'मध्ये त्यांनी 'खबरदार' नावाच्या मासिकाची पोहोचलेली संपादिका रंगवली. पुढचा भाग त्यांच्यावर.