झिजलेलं आणि कुजलेलं

(नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवलेली ही काळी गाडी आधी नीट बघून घ्या. मागे बसलेले उठून पुढे आले तरी चालेल. लांबी हातभराला थोडी कमी. मागची चाकं जाड आणि काटेरी, पुढची अरुंद. ही तामियाची हॉर्नेट, रिमोटवर पळणारी खेळातली गाडी. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या या कंपनीनं ती १९८४ साली बाजारात आणली. रेडिओवर चालणारी त्यांची पहिली गाडी १९७६ ची, पोर्शे ९३४. म्हणजे हॉर्नेट आली तेव्हा तामियाला अशा गाड्या करायला लागून जेमतेम आठ वर्षं झाली होती.

ही गाडी तयार मिळत नसे, हे आधी लक्षात घ्या. खोक्यात सुटे भाग, स्क्रूच्या पुड्या आणि चित्रांची पुस्तिका यायची. जोडायची ज्याची त्यानं. बॉडीसुद्धा पारदर्शक यायची, ती आपणच आतून रंगवायची. त्यामुळे एकाच वर्षी घेतलेल्या दोन हॉर्नेट आतून कधीच सारख्या नसतात. प्रत्येकीत जोडणाऱ्याचा हात दिसतो.

ही गाडी माझी नाही. एका ताईंची आहे, खरं तर त्यांच्या धाकट्या भावाची. वडील मस्कतला नोकरीला होते, १९८६ साली सुट्टीवर येताना त्यांनी ती आणली. भावानं ती दोन-अडीच वर्षं गोल्फ क्लबच्या मैदानावर मनसोक्त पळवली, मग दहावी आली आणि गाडी माळ्यावर गेली. तीस-बत्तीस वर्षांनी घर रिकामं करताना ती ताईंच्या हाती लागली. मी सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची साचे-अवजारं बनवतात तिथे, आयुष्य काढलेला माणूस. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं.

खोका उघडल्यावर मी दोन दिवस काहीच केलं नाही, फक्त बघितलं. वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘झीज’, दुसऱ्यावर ‘कूज’. वापरल्यानं जे कमी झालं ते पहिल्या रकान्यात, पडून राहिल्यानं जे बिघडलं ते दुसऱ्यात. संध्याकाळी वही बघितली तेव्हा दुसरा रकाना पहिल्याच्या तिप्पट लांब होता. आज तुमच्यासमोर उभा आहे तो त्या वहीमुळे. दोन्हींकडे एकाच नजरेनं बघितलं की माणूस सरसकट सगळं नवं करून टाकतो, आणि मग भावाची गाडी उरत नाही, दुकानातली गाडी उरते.

कुजेतला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे सेल. त्या काळात या गाडीत दोन वेगळे वीजपुरवठे असायचे. मोटारीसाठी सहा निकेल-कॅडमियम सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक, आणि रिसीव्हरसाठी, म्हणजे रिमोटचा संदेश पकडणाऱ्या गाडीतल्या भागासाठी, एका छोट्या डबीत चार पेन्सिल सेल. रिमोटमध्ये आणखी आठ. माळ्यावर टाकताना कुणाच्याही लक्षात राहत नाही की हे बारा सेल आतच आहेत.

इथे एक बारकावा आहे, तो कृपया लिहून घ्या. सेल गळला की लोक लिंबू किंवा व्हिनेगर लावतात. अल्कलाइन सेल गळला असेल तर ते बरोबर आहे, कारण त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, ते क्षारधर्मी, म्हणून त्याला आम्ल लागतं. निकेल-कॅडमियमलाही हेच लागू. पण आपल्याकडे त्या काळात घराघरांत असायचे ते साधे झिंक-कार्बन सेल. त्यांच्यातलं रसायन आम्लधर्मी. त्यावर लिंबू पिळलं तर आम्लात आम्लच घातलं. तिथे खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. म्हणून आधी सेलवरचं नाव वाचायचं, मगच स्वयंपाकघरात जायचं. या गाडीतले चारही सेल झिंक-कार्बन होते. सोडा, जुना टूथब्रश, नंतर स्वच्छ पाणी आणि एक दिवस वाळवण, एवढ्यावर डबीच्या पत्र्या वाचल्या. वायर मात्र वाचली नाही. गंज वायरच्या आवरणाखालून आत सरकतो. बाहेरून लाल दिसणारी वायर सोलली की आत तांबं काळंहिरवं, आणि त्यावर सोल्डर धरतच नाही. लख्ख तांबं लागेपर्यंत मागे मागे कापत जायचं. मला जवळजवळ सगळीच बदलावी लागली.

जुना कॅडमियमचा पॅक उघडून बघायचा मोह टाळा आणि तो घंटागाडीत टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आता स्क्रू. हे सांगताना मला अजून वाईट वाटतं, कारण पूर्वी एक दुसरी गाडी खोलताना मी चार स्क्रूंची डोकी घासून टाकली होती. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सच्या फुलीसारखी दिसते, पण ती वेगळ्या मापाची असते, तिला जेआयएस म्हणतात, म्हणजे जपानी औद्योगिक मानक. फिलिप्सचा स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात पूर्ण तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि फुली खातो. जेआयएसचा ड्रायव्हर एकदा विकत घ्या. जुनी जपानी मोटारसायकल असेल तर तिलाही तोच लागेल.

आणि स्क्रू परत बसवताना काय करायचं? तो प्लास्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडून बसलेला असतो. सरळ पिळला तर तो नवे आटे पाडतो, असं दोन-तीनदा झालं की भोक मोकळं होतं आणि मग लोक फेविक्विक ओततात. त्याऐवजी स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा फिरवायचा, अगदी हलक्या हातानं. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसतो. बोटाला कळतं. तो जुना आटा. तिथून सुलटा पिळायचा. भावानं पहिल्यांदा ज्या आट्यावर स्क्रू बसवला त्याच आट्यावर आपला बसतो.

गिअरबॉक्स उघडला तेव्हा मात्र झिजेचा रकाना भरला. आत ग्रीस आणि काळी माती यांचा लगदा होता, वाळून खरवसासारखा घट्ट झालेला. गोल्फ क्लबच्या मैदानाची माती. आपल्याकडची जमीन बेसाल्टची, तिचा बारीक कण ग्रीसमध्ये गेला की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतो. मोटारीच्या दांड्यावरचा छोटा गिअर, म्हणजे पिनियन, आणि त्याला लागणारा पहिला गिअर यांचे दात वस्तऱ्यासारखे टोकदार झाले होते. ही झीज मला प्रामाणिक वाटते. मुलानं गाडी पळवली, मातीनं आपलं काम केलं. पण असे दात ठेवले तर ते शेजारच्या चांगल्या गिअरलाही खातात, म्हणून ते बदलले. इथे आपलं नशीब चांगलं आहे. तामियानं २००४ साली हॉर्नेट पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे बहुतेक भाग आजही नवे मिळतात.

धातूचे भाग रॉकेलमध्ये धुवायचे. प्लास्टिकला रॉकेल, थिनर, पेट्रोल काहीही दाखवायचं नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, तिच्यावर थिनरचा बोळा फिरवलात तर डोळ्यांदेखत जाळं पडल्यासारख्या चिरा जातात आणि त्या परत मिटत नाहीत.

नायलॉनचे भाग वेगळे. नायलॉन हवेतली ओल धरून ठेवतो आणि त्या ओलीवरच त्याचा लवचिकपणा असतो. माळ्यावर, वर पत्रा, नाशिकचा उन्हाळा, अशी तीस वर्षं काढली की तो कोरडा पडतो आणि ठोकर बसली की काडकन तुटतो. असे भाग पातेल्यात पाणी घालून अर्धा तास मंद उकळायचे आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. पाणी परत आत शिरतं. कोरडेपणावर हा उपाय चालतो. उन्हानं जळलेल्या नायलॉनला त्याचा उपयोग नाही, तो जळका भाग पांढुरका आणि खरखरीत दिसतो. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

चाकांत प्लास्टिकचे बुश होते, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या. माती जाऊन जाऊन त्यांची भोकं लंबगोल झाली होती, चाक हातानं हलवलं की खुळखुळ वाजायचं. तिथे बॉल बेअरिंग बसतं, आतून ५, बाहेरून ११ आणि जाडीला ४ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात ‘एमआर ११५’ म्हणून मागा. खेळण्याच्या दुकानात जायची गरज नाही. एका जागी मला आतला गाळा, म्हणजे फट, जास्त वाटली, तेव्हा अंबडच्या एका मित्राच्या लेथवर पितळेची पातळ रिंग काढून घेतली. पाव तासाचं काम. आपल्या गावात लेथ आहेत, ते चालवणारे हात आहेत. परदेशातले छंदी लोक ज्या भागासाठी महिनाभर वाट बघतात तो आपल्याला दुपारच्या चहाआधी मिळतो. या गोष्टीचा मला अभिमान आहे.

मोटार ५४० जातीची, बंद डब्याची. हिचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे, बदलता येत नाहीत. मी दोन्ही टोकांच्या बुशवर तेलाचा एकेक थेंब सोडला, डब्यावरच्या खिडकीतून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि चाकं न लावता तीन व्होल्टवर पंधरा मिनिटं फिरू दिली. सुरुवातीला ती करकरत होती. पाच मिनिटांनी आवाज बदलला, सरळ झाला. ते ऐकायला मी ताईंना मुद्दाम बोलावलं होतं. मोटारीवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन छोटे कपॅसिटर असतात. कार्बनच्या ठिणग्यांचा गोंगाट ते रेडिओपर्यंत पोचू देत नाहीत. त्यातला एक तुटलेला होता. तो न बदलता गाडी लावली असती तर ती जागच्या जागी थरथरत राहिली असती आणि आपण रिमोटला दोष दिला असता.

रिमोट २७ मेगाहर्ट्झचा. त्यात लहरीची वारंवारता ठरवणारा एक क्रिस्टल, गाडीत दुसरा. दोन्ही दिसायला जुळे, पण गाडीतला ४५५ किलोहर्ट्झनं कमी असतो, त्यामुळे अदलाबदल झाली की संपर्कच होत नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब, म्हणून रिमोटची ॲंटेना पूर्ण बाहेर काढायची आणि गाडीतली लोंबणारी वायर कापायची नाही. पुष्कळ जण ती ‘व्यवस्थित’ करायला कापतात. हल्ली २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट सहज मिळतो, तो लावायला माझी हरकत नाही. पण जुना चालत असेल तर आधी तो चालवून बघा. इथे तो चालला.

वेगाचा खटका जुन्याच पद्धतीचा ठेवला. एक सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमानं वळणारी छोटी मोटार, तांब्याच्या पट्ट्यांवरून हात फिरवते आणि वेगाच्या तीन पायऱ्या मिळतात. हळू चालवताना उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. तो चटका देण्याइतका तापतो, लहान मुलांना बोट लावू देऊ नका. आणखी एक सावधगिरी. या खटक्याला सेल कुठे थांबवायचा ते कळत नाही. लिथियम पॉलिमरचा पॅक लावला तर तो तळापर्यंत उपसला जाईल आणि खराब होईल, फुगेलही. निकेल-मेटल हायड्राइडचा सहा सेलचा पॅक लावा.

बॉडीवर ताईंचं आणि माझं एकमत होईना. भावानं ती आतून गेटला लावायच्या ऑइल पेंटनं रंगवली होती. तो रंग वाकत नाही, पॉलिकार्बोनेट वाकतं, म्हणून त्याचे पोपडे निघाले होते. मला ते पोपडे कूज वाटत होते. ताई म्हणाल्या, “अहो, त्या डब्यातनं त्यानं बाबांना न विचारता रंग घेतला होता, मार खाल्ला होता.” मी पोपडे काढले नाहीत. ती बॉडी त्यांच्या कपाटात आहे, टेबलावर दिसते ती नवी, पळवायची.

आणि एक भाग माझ्या दोन्ही रकान्यांत बसला नाही. स्टिअरिंगच्या दोन दांड्यांपैकी डावी कमी लांबीची होती आणि तिच्यावर दातांचे ओरखडे. गाडी सरळ ठेवली तरी डावीकडे जाणार, नक्की. ताईंनी भावाला फोन लावून दिला. ते पुण्याला असतात. मी विचारलं तसे लगेच म्हणाले, “हो काका, डावीकडेच ओढायची ती! माझ्याकडे पाना नव्हता, पक्कडीनं पिळली आणि मग ती जाम झाली. मी सगळी वर्षं उजवीकडे धरूनच चालवली.” मी दांडीला रात्रभर तेल सोडलं, सकाळी ती सुटली, लांबी बरोबर केली. पक्कडीचे ओरखडे पॉलिश पेपरनं काढता आले असते. ठेवले आहेत. पुढे येऊन बघा, चाकाच्या आतल्या बाजूला दिसतील.

पॅक चार्ज करून आणला आहे. आता आपण खाली पार्किंगमध्ये जाऊ. एका चार्जवर गाडी साधारण दहा मिनिटं पळते आणि दोन फेऱ्यांमध्ये मोटारीला तेवढाच वेळ गार व्हायला द्यावा लागतो, म्हणून रांग करा. लहान मुलं आधी. ताई आल्या आहेत, पहिली फेरी त्यांची.