लाकडाचा हिशेब

(दृश्य: अमृतसर, दुर्ग्याणा मंदिराजवळचं स्मशान. पहाट. सरण रचलं जातंय.)

एका देहाला लाकूड किती लागतं, हे इथल्या माणसाला विचारावं लागत नाही. तो ओंडके उचलतो, आडवे रचतो, उभे रचतो, मध्ये हवेला जागा ठेवतो. हा खर्च घरचे देतात. घरचं कुणी आलं नाही, तर बेवारस म्हणून नगरपालिका देते, लाकडाचेही आणि कापडाचेही पैसे. आणि नगरपालिकेचे पैसे म्हटले की पावती आली, नोंद आली.

पुढची सगळी कहाणी या पावतीवर उभी आहे.

(दृश्य: जुनी नोंदवही. पानं उलटणारे हात.)

१९८४ नंतरची दहा वर्षं. पंजाबात एकीकडे खलिस्तानी अतिरेक्यांच्या गोळ्या, दुसरीकडे पोलिसांच्या गाड्या. रात्री दार वाजायचं आणि घरातला तरुण मुलगा उचलून नेला जायचा. सकाळी ठाण्यात विचारावं, तर आम्ही आणलाच नाही. पळाला असेल, परदेशी गेला असेल. तक्रार लिहून घेणार कोण? ज्यांच्याविरुद्ध लिहायची, तेच!

जसवंतसिंग खालरा अमृतसरमधल्या एका बँकेचे संचालक. ओळखीची माणसं बेपत्ता झाली, त्यांचा शोध घेत ते स्मशानात पोहोचले आणि त्यांच्या हाती अशा वह्या लागल्या. हा रकाना बघा. प्रेत कोणत्या ठाण्याने आणलं, कोणत्या अधिकाऱ्याने आणलं. काही ओळींत तर मेलेल्याचं नाव आहे, गाव आहे. नाव आणि गाव लिहिता येत होतं, तर तो बेवारस कसा?

खालरांनी वही लाकडाच्या पावत्यांशी ताडून पाहिली. एक स्मशान, मग दुसरं. अमृतसर, पट्टी, तरनतारन. माणूस मारून तो गायब करता आला, पण लाकूडवाल्याचं बिल चुकतं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ते बिल दफ्तरात राहिलं. इतक्या साध्या कागदाकडे तोवर कुणी वळून पाहिलं नव्हतं, याचं आम्हाला अजून आश्चर्य वाटतं.

जानेवारी १९९५. खालरांनी हे कागद पत्रकारांपुढे ठेवले. या कागदांवरून चौकशी मागणारी याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली: ज्यांची माणसं गेली, त्यांनीच यावं. ती माणसं तेव्हा ठाण्याच्या रस्त्यावरून जायलाही भीत होती.

(दृश्य: कबीर पार्क वसाहत. फाटक, समोरचा रस्ता.)

६ सप्टेंबर १९९५. खालरा घरासमोर गाडी धूत होते. पोलीस आले आणि त्यांनाच घेऊन गेले.

(दृश्य: हरिके. सतलज आणि बियासचा संगम. पाणी. निवेदन थोडं थांबून.)

त्यांना मारून प्रेत इथल्या पाण्यात टाकलं, असं पुढे एका साक्षीदाराने न्यायालयात सांगितलं. स्मशानाच्या वह्या शोधणाऱ्या माणसाची कुठल्याच स्मशानात नोंद नाही.

पत्नी परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआयला दोन्ही तपास सांगितले: खालरांचाही आणि त्यांनी मांडलेल्या कागदांचाही. डिसेंबर १९९६ मध्ये अहवाल आला. फक्त या तीन स्मशानांत, फक्त एका जिल्ह्यात, पोलिसांनी परस्पर जाळलेली प्रेतं २,०९७. पूर्ण ओळख पटलेली ५८५, अर्धवट पटलेली २७४, आणि १,२३८ जणांची ओळखच नाही. खालरांचे कागद खरे होते.

खालरांच्या प्रकरणात २००५ मध्ये सहा पोलीस दोषी ठरले, चौघांची शिक्षा २००७ मध्ये वाढून जन्मठेप झाली. बाकी हजारोंचं काम मानवी हक्क आयोगाकडे गेलं. आयोगाने अंत्यसंस्कार नियमाप्रमाणे झाले की नाही एवढंच तपासलं आणि १,५१३ जणांच्या वारसांना भरपाई सुचवली. कुणाला अडीच लाख, कुणाला पावणेदोन.

(दृश्य: तरनतारन जिल्ह्यातलं एक अंगण. म्हातारी, मांडीवर तसबीर.)

आपल्याकडे तेरावं असतं, तसा इथे भोग असतो. गुरू ग्रंथसाहिबांचा पाठ पुरा होतो, अरदास म्हणजे प्रार्थना होते, नातलग जेवून उठतात. अस्थी कीरतपूरला नेऊन सतलजमध्ये सोडतात. पण मृत्यूची तारीखच ठाऊक नसेल, तर दिवस कुठून मोजायचे? अस्थीच नसतील, तर कीरतपूरला काय न्यायचं?

माणसाला सक्तीने बेपत्ता करणं, या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात आजही नाही. त्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, पण मंजुरी दिलेली नाही.

(दृश्य: म्हातारी पदराने तसबिरीची काच पुसते. मग पुन्हा नोंदवही, बोट एका ओळीवर थांबतं.)

आम्ही ती वही पाहून आलोय, हे कळल्यावर आजींनी एकच विचारलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगून विचारलं, की त्यात तो आहे का.