बाफोकेंग: घामाच्या पैशातली जमीन

रस्टनबर्ग शहराच्या बाहेर पडलं की लगेच फोकेंग लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना लोकांपैकी बाफोकेंग कुळाची ही राजधानी. मगर हे त्यांचं देवक, म्हणून राजचिन्हावरही तीच.

हे डोंगर, ही कुरणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच होती. १८३०च्या आसपास एनदेबेले राजा म्झिलिकाझीच्या फौजांनी हा मुलूख लुटला. त्यांच्या मागोमाग बैलगाड्या घेऊन बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, आले आणि त्यांनी शेतं आपापसांत वाटून घेतली. बाफोकेंग आपल्याच रानात दुसऱ्यांसाठी राबू लागले.

राजा मोखात्लेंनी ठरवलं, जमीन परत घ्यायची. रीतसर, पैसे मोजून. पण एवढा पैसा आणायचा कुठून? किंबर्लीला तेव्हा हिऱ्यांच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. इथले तरुण वयानुसार बांधलेल्या तुकड्यांनी शेकडो किलोमीटर चालत तिकडे गेले. दिवसभर खड्ड्यात उतरून पहार-फावडं चालवायचं, आणि मजुरी हातात पडली की ठरलेला वाटा राजाकडे जमा करायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. एकेक शेत, एकेक माळ सोडवत गेले.

आता हे खरेदीखत जवळून बघा. पैसा बाफोकेंगांचा, पण घेणार म्हणून नाव जर्मन मिशनरी क्रिस्टोफ पेन्झहॉर्न यांचं. ट्रान्सवालमध्ये, म्हणजे बोअरांच्या इथल्या राज्यात, काळ्या माणसाच्या नावावर जमीन होतच नसे. पुढे मिशनऱ्याच्या जागी सरकार विश्वस्त झालं. जमीन खऱ्या मालकाच्या नावावर झाली नाही.

१९२० च्या दशकात या भागात प्लॅटिनमचा मेरेन्स्की थर सापडला. जाडी जेमतेम मीटरभर, आणि तो नेमका याच जमिनीखालून जातो. हे उंच मनोरे त्याच खाणींचे. रॉयल्टीसाठी, म्हणजे खनिजाच्या उत्पन्नातल्या वाट्यासाठी, कुळाला खाण कंपनीशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. याच काळात, १९८८ मध्ये, राजा लेबोने मोलोत्लेगींना बोफुथात्स्वानाच्या (वर्णभेदी सरकारनं त्स्वाना लोकांसाठी आखलेल्या प्रदेशाच्या) राजवटीमुळे देश सोडून बोत्स्वानात जावं लागलं. १९९९ मध्ये तडजोड झाली आणि हक्काचा पैसा येऊ लागला. त्यातून रस्ते झाले, शाळा झाल्या. हे भव्य स्टेडियमही बाफोकेंगांचंच. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड-अमेरिका सामना इथेच रंगला.

खाणीलगतच्या वस्त्यांमध्ये धूळ आहे, बेकारी आहे. २००८ मध्ये राजघराण्याच्या प्रशासनानं जमिनी कुळाच्या नावावर करून मिळाव्यात म्हणून न्यायालयात धाव घेतली. त्याला कुळातल्याच काही गटांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की यातली काही शेतं त्यांच्या पणजोबांनी स्वतः वर्गणी काढून घेतली होती.