गल्लीतला शोषखड्डा

नंदुरबार जिल्ह्यातलं प्रकाशे. तापी आणि गोमाईचा संगम. दक्षिण काशी म्हणून लोक येतात ते केदारेश्वराला. आपण मात्र देवळाकडे न वळता गावातल्या गल्लीत शिरू. एका घराच्या मोरीमागे शोषखड्डा चाललाय. दोन मजूर, टिकाव, घमेलं.

"काय निंघनं भाऊ?"

"काही नही. खापरं शेतस."

या 'काही नही'साठीच आपण आलोय.

शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण, उकिरडे, सगळं पिढ्यान्‌पिढ्या मुरून झालेली ही माती. धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला आणि शेतात खत म्हणूनही लोक ती खणून नेत आले. म्हणजे पांढरीचे लचके जुनेच, एकट्या जेसीबीला दोष द्यायला नको.

१९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथे उत्खनन केलं. चार काळांच्या वस्त्या एकावर एक निघाल्या. सगळ्यांत खालची तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्यांची, इसवी सनापूर्वी १७००च्या सुमाराची. सगळ्यांत वरची अकराव्या शतकापर्यंतची. पण चर मोजकेच. राहत्या घरांखाली खणतो तो घरमालक, तेही संडास, नळ किंवा पाया यांच्यापुरतं.

तेवढ्या वेळात काठावर एक जाणता माणूस उभा हवा. काम अडवायला नव्हे. खड्ड्याची भिंत खुरप्यानं तासायची, राखेचा पट्टा किती खोल लागला ते टेपनं मोजायचं, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, आणि खापरं थराप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीत चिठ्ठी. चिठ्ठी हरवली की उरतं फुटकं मडकं. इंग्लंडात १९९०पासून अशा नोंदींचा खर्च साधारणपणे बांधणाऱ्यावरच पडतो. आपल्याकडे शोषखड्ड्याच्या मालकाला तसं सांगून पाहा!

कायदा आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी. धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरींजवळ राहणाऱ्यांना हे आकडे पाठ असतील. १८७८चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदाही आहे, पण तो दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूसाठी. खापराला दहा रुपये कोण देणार?

खड्डा कमरेएवढा झालाय. भरायला दगडगोट्यांची ट्रॉली यायला अजून तासभर आहे. मजूर चहाला बसलेत.

खुरपं द्या इकडे.