थिसलगॉर्म: अवघ्या चार खेपा

डायव्हिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, एसएस थिसलगॉर्म हे नाव माहीत असतंच. तांबड्या समुद्रातलं सगळ्यात गाजलेलं बुडालेलं जहाज. पण बुडण्याआधी त्याला जेमतेम दीड वर्ष मिळालं. आज त्या दीड वर्षाबद्दल बोलूया.

९ एप्रिल १९४० ला इंग्लंडमधल्या संडरलंडला ते पाण्यात उतरलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं डेन्मार्क आणि नॉर्वेवर हल्ला केला, तोच हा दिवस. सव्वाशे मीटर लांब, कोळशावर चालणारं, साधं कामाचं जहाज. पहिल्या खेपेला अमेरिकेतून रूळ आणि विमानांचे भाग, दुसरीला अर्जेंटिनातून धान्य, तिसरीला वेस्ट इंडीजहून रम.

चौथ्या खेपेला, जून १९४१ मध्ये, ते ग्लासगोहून निघालं. माल इजिप्तमधल्या ब्रिटिश सैन्यासाठी: बेडफर्ड ट्रक, त्या ट्रकांवर ओळीनं उभ्या केलेल्या बीएसए मोटरसायकली, रायफली, दारूगोळा, गमबूट आणि डेकवर वाफेची दोन रेल्वे इंजिनं! भूमध्य समुद्रातून जाणं म्हणजे मरणच, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा. एवढं करून सुएझजवळ पोचलं, तर पुढची वाट अडलेली. मग तांबड्या समुद्रातच, शाब अली नावाच्या प्रवाळाआड नांगर टाकून दिवसच्या दिवस थांबणं आलं. ही जागा सुरक्षित समजली जायची.

६ ऑक्टोबर. आपल्याकडे कोजागिरी नुकतीच झालेली, म्हणजे चांदणं किती असेल बघा. ग्रीसच्या क्रीट बेटावरून आलेली दोन जर्मन हाइन्केल बॉम्बफेकी विमानं सैनिक नेणारं मोठं जहाज शोधत होती. ते मिळालं नाही, हे दिसलं. रात्री दीडच्या सुमारास मागच्या बाजूच्या, दारूगोळ्याच्या खणावर बॉम्ब पडले. स्फोट असा, की टनावारी वजनाची ती इंजिनं उडून समुद्रात पडली.

माणसं पाण्यात उड्या टाकत होती. अँगस मॅकले नावाचा खलाशीही निघालाच होता. तेवढ्यात त्याला डेकवर जखमी गनर, म्हणजे तोफ चालवणारा सैनिक, दिसला. आग मध्ये, डेक तापलेलं, आणि हा अनवाणी. तरी तो मागे फिरला, त्या गनरला उचलून घेऊन आला. मॅकलेला पुढे जॉर्ज मेडल हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

वाचलेल्यांना एचएमएस कार्लाइल या ब्रिटिश युद्धनौकेनं उचललं. नऊ जण गेले, चार खलाशी आणि पाच नौदलाचे गनर.

जहाज तीस मीटर खोल पाण्यात आहे. मोटरसायकली अजून दिसतात, पण कितीतरी सुटे भाग लोकांनी आठवण म्हणून काढून नेलेत. मला याचा राग येतो. तिथे उतरणार असाल, तर कशालाही हात लावू नका, आणि पाण्यात जाण्याआधी बोटीवरच्या सोबत्यांना त्या नऊ जणांबद्दल नक्की सांगा.