बादलीतलं माळवं

[दृश्य: लातूरमधल्या घराचा स्लॅब. सकाळचे सात. रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये लावलेली झाडं.]

मे महिना आहे. सकाळी सातलाच स्लॅब पायाला चटके देतोय. या बादलीतल्या वांग्याची पानं लोंबलीत, म्हणून त्याला आत्ताच दोन तांबे पाणी घातलं. आता बादलीच्या बुडाकडे बघा. अर्ध्या मिनिटात खालून पाणी निघालं आणि ओघळ पन्हाळीपर्यंत गेला. माती भिजली असं वाटतं. बोट खुपसून पाहिलं तर आत ठणठणीत कोरडी.

काळी माती वाळली की आकसते. रानातल्या भेगा आपण जन्मभर पाहतो. बादलीत तीच माती कडेनं सुटते आणि माती व बादली यांच्यात बोटभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, मुळाला थेंब लागत नाही. अशा वेळी आणखी पाणी ओतू नका. खुरप्यानं वरची दोन बोटं माती मोकळी करा, कडेची फट कोरड्या खतमातीनं बुजवा आणि बादली अर्ध्या तासासाठी पाण्याच्या टबात ठेवा. पाणी खालच्या भोकांतून वर चढू द्या. टबात उरलेलं पाणी पुढच्या बादलीला चालतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथं माळवं, म्हणजे घरची भाजी, लावायची तर तांब्यातांब्याचा हिशेब ठेवूनच. आणि बादलीतल्या झाडाचं दुखणं बहुतेक वेळा पाण्यातून आणि मातीतून सुरू होतं. औषधाच्या दुकानात जाण्याआधी मातीत बोट घाला, ते याचसाठी.

[दृश्य: घमेल्यात माती कालवणारे हात.]

नुसती काळी माती बादलीत भरू नये. एक घमेलं काळी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं भरड, म्हणजे धुतलेली जाड वाळू किंवा विटांचा चुरा. २० लिटरच्या बादलीला वरून दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कुजलंय का, हे हातात घेऊन कळतं. वास मातीचा यायला हवा, शेणाचा नाही, आणि आत हात घातला तर गरम लागायला नको. कच्चं खत मुळं जाळतं आणि मुळं खाणारी हुमणी अळीही घरात आणतं.

बादलीच्या बुडाला करंगळी जाईल अशी पाच-सहा भोकं पाडा आणि ती दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोकं बुजत नाहीत. भिजलेल्या एका बादलीचं वजन तीस किलोच्या आसपास जातं. म्हणून बादल्या स्लॅबच्या मधोमध न मांडता भिंतीच्या आणि बीमच्या रेषेवर मांडा. जुन्या माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, तर हा उद्योग करूच नका, अंगणात करा. वांगं, टोमॅटो, मिरची, भेंडी यांना १५ ते २० लिटरचं भांडं लागतं. मेथी, पालक, चुका, कोथिंबीर वीतभर खोल ट्रेमध्येही येतात.

दोन गोष्टी मात्र मातीत टाकू नका, चुलीची राख आणि चुना. मराठवाड्याची बरीचशी जमीन मुळातच चुनखडीची, विम्लाकडे, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूला, झुकलेली. राखेनं ती आणखी विम्ल होते आणि लोह, जस्त मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. कोकणातल्या आंबट मातीला जे मानवतं, ते इथं बाधतं.

पाण्याचंही तसंच. बोअरचं पाणी जड असलं की कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांच्या कडा करपतात. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि आपण ते वाया जाऊ नये म्हणून मायेनं झाडाला घालतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला. न्हाणीचं पाणी अंगणातल्या शेवग्याला आणि केळीला द्या, पालेभाजीला नको. पावसाळ्यात दोन-तीन मोठे पाऊस बादल्यांवर सरळ पडू द्या. वर्षभराचे क्षार त्यानं धुऊन जातात.

पाणी कधी द्यायचं? मातीत दोन पेरं बोट घाला. ओल लागली तर थांबा. वरची माती फुटलेली दिसते आणि आत चिखल असतो, हा काळ्या मातीचा नेहमीचा चकवा आहे. पाणी सकाळी लवकर द्यावं. कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावं. वर दोन इंच सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरलं तर ओल चांगली टिकते. मात्र ते वरच राहू द्या. ओलं, न कुजलेलं भुसकट मातीत कालवलं, तर ते कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच खातात आणि झाड पिवळं पडतं.

[दृश्य: अंगणातल्या वाफ्यात पुरलेलं मडकं, फक्त तोंड वर.]

अंगणात वाफा असेल तर मडकं पुरा. न रंगवलेलं, नीट भाजलेलं, पाच लिटरचं. गळ्यापर्यंत मातीत, तोंडावर झाकण. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं आणि मुळं स्वतःहून त्याच्याभोवती गोळा होतात. दोडका, काकडी, मिरची यांना हे फार मानवतं. जड पाण्यानं मडक्याची छिद्रं बुजतात, म्हणून हंगाम संपला की काढून काथ्यानं घासा आणि उन्हात वाळवा.

[दृश्य: हिरवा टोमॅटो उलटा धरलेला. बुडाशी काळपट, चपटा डाग.]

हा टोमॅटो नीट बघा. वरून निरोगी. उलटा केला की बुडाशी डाग. सुरुवातीला तो पाण्याच्या थेंबासारखा ओलसर होता, मग तपकिरी झाला, आता चामड्यासारखा चिवट आणि आत दबलेला आहे. लोक याला बुरशी समजून औषध मारतात. ही बुरशी नव्हे. फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडलंय.

मग अंड्याची टरफलं टाकावीत? आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर आहे, आणि विम्ल मातीत टरफलं विरघळतही नाहीत. कॅल्शियम झाडात चढतं ते पाण्याबरोबर. दोन दिवस माती कोरडी, तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी, असं झालं की ही वाहतूक तुटते. उन्हात पानं पाणी जोरात ओढतात, फळाच्या वाट्याला काही उरत नाही. युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि त्रास वाढतो. उपाय एवढाच: डागी फळं तोडा, रोज ठरल्या वेळी सारखं पाणी द्या, आच्छादन करा, युरिया थांबवा. नंतर धरलेली फळं स्वच्छ येतात. बाकी मे महिन्यात टोमॅटोची फुलं गळतात, त्याला इलाज नाही. पारा चाळिशी ओलांडतो, रात्रही निवत नाही, आणि फळधारणा होत नाही. टोमॅटो पावसाळ्याच्या शेवटी लावून थंडीत खावा.

आता पिवळी पानं. आधी बघा, कोणती पानं पिवळी आहेत. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. मूठभर गांडूळखत आणि आठवड्यानं पुन्हा मूठभर द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या, तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत ही हमखास दिसते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. हे पाणी नुसतं मातीत ओतलं तर चुनखडी ते तिथंच बांधून ठेवते.

झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी उभं राहतं, तेव्हा ते उन्हानं दमलेलं असतं. सकाळीही मान खाली आणि माती ओली, तर मुळं सडलीत किंवा मर लागलीय. टोमॅटो, वांगं अचानक हिरवंगार असतानाच कोलमडलं, तर बुडाजवळचा खोडाचा वीतभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात, न हलवता टांगून धरा. पाचदहा मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूंमुळे आलेली मर. त्यावर औषध नाही. झाड मातीसकट काढा आणि त्या बादलीत टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा पुन्हा लावू नका.

[दृश्य: मिरचीचा शेंडा, अगदी जवळून.]

मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं वळण्याचा रोग, घराघरात दिसतो आणि घराघरात एकच औषध मारलं जातं. पण पान कोणत्या बाजूला वळलंय, ते आधी बघा. कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल, तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल, देठ लांबला असेल, तर कोळी. पान बारीक, पिवळसर, सुरकुतलेलं आणि झाड खुजं, तर विषाणू. खात्रीसाठी शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोनदा टिचकी मारा. फिकट पिवळे, सुईच्या टोकाएवढे लांबट जीव चालायला लागले, तर ते फुलकिडे. हा कोळी किडा नाही, जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला बारीक जीव आहे. त्यामुळे कीटकनाशकं त्याला बहुतेक लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पुष्कळदा औषध मारल्यावर बोकड्या वाढतो, तो म्हणूनच. कोळी असेल तर वळलेले शेंडे खुडून टाका. मग पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारा. पारा पस्तिशीच्या वर असेल तर गंधक नको, पानं भाजतात.

भेंडीचं पान शिरांशिरांनी पिवळं होतं, तो केवडा, म्हणजे विषाणू. पांढरी माशी तो पसरवते. झाड बरं होत नाही. उपटताना आधी झाडावर पिशवी घाला आणि मग उपटा, नाहीतर हात लागताच माश्या उडून शेजारच्या बादलीवर बसतात. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं या रोगाला तोंड देण्यासाठी 'परभणी क्रांती' हे वाण काढलं. पुसा सावनी आणि एका रानटी भेंडीच्या संकरातून ते तयार झालं. घरच्या बागेला हे सरळ वाण, म्हणजे पुढच्या पिढीतही तसंच येणारं, सोयीचं, कारण बी घरी धरता येतं.

[दृश्य: कडुलिंबाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या.]

रस शोषणाऱ्या किडींवर निंबोळी अर्क चालतो, पण नीट केला तर. जूनमध्ये कडुलिंबाखाली पिकल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गोळा करा, गर धुवा, सावलीत वाळवा, गोणपाटात भरा. वर्षापेक्षा जुन्या निंबोळीत जोर राहत नाही. फवारायच्या आदल्या रात्री ५० ग्रॅम निंबोळ्या भरडून अर्धा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यानं पिळून गाळा, पाणी घालून एक लिटर करा. त्यात चिमूटभर साधा साबण विरघळवा, कपडे धुण्याची पावडर नको. त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. दर आठ-दहा दिवसांनी. किडी लगेच पडून मरत नाहीत. त्यांचं खाणं थांबतं, कात टाकणं बिघडतं.

शेतातल्या कापसासाठी आणलेल्या औषधाचं उरलेलं बूड घरच्या मिरचीवर मारायचं नाही. ही गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. आज फवारलेली मिरची उद्या लेकरांच्या ताटात येते. रिकाम्या औषधाच्या डब्यात कोथिंबीरही लावायची नाही.

वांग्याचा शेंडा एकटाच सुकला तर आत अळी आहे. सुकल्या भागाच्या दोन बोटं खाली कापा, चिरून अळी मारा, आठवड्यातून दोनदा हेच. पावसाळ्यात शंखी गोगलगाई आल्या तर संध्याकाळी ओलं गोणपाट टाका. पहाटे त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका.

[दृश्य: दिवेलागण. मांडवावर उमललेली दोडक्याची पिवळी फुलं.]

दोडक्याला फुलं येतात आणि गळतात, ही तक्रार नेहमीची. आधी येणारी घोसातली फुलं नर असतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका असतो. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं, गिलकं सकाळी. स्लॅबवर मधमाशी फिरकत नसेल तर अंधार पडायच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. फळ बोटाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, डिंकाचा थेंब दिसतो, मग दोडका वाकडा होऊन सडतो. सडलेलं फळ खतात टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून चार दिवस उन्हात ठेवा. सापळा आणायचा तर वेलभाज्यांना क्यू ल्युर (फळमाशीला ओढणारं आमिष) मागा. आंब्याचा सापळा इथं उपयोगाचा नाही.

[दृश्य: भेंडीच्या झाडावर लाल दोरा बांधलेली एक शेंग, पूर्ण वाळलेली.]

हंगामाच्या मध्यात सगळ्यात निरोगी भेंडीच्या झाडावर एका शेंगेला दोरा बांधा. ती कोणी तोडायची नाही. महिन्याभरात ती वाळते, शिवणीवर तडकते, हलवली की आत खुळखुळ वाजते. तेव्हा काढा, बी सावलीत चार दिवस पसरा, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासोबत कागदाच्या पुडीत बांधा आणि वर महिना लिहा. मृगाचा पहिला पाऊस पडला की तेच बी रात्रभर भिजवून सकाळी लावा. प्रत्येक बादलीत तीन बिया, अर्धा इंच खोल. रोपं वीतभर झाली की जोमदार एक ठेवा, बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, ठेवलेल्याची मुळं हलतात.